मातीचे मावळे आणि टेबलावरचं सैन्य
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान आणि आजची पिढी'. माझ्या आधी बोललेल्या तिघांनीही मुलांच्या मोबाइलवर बोलून घेतलंय. बाहेरून मसालेभाताचा वास यायला लागलाय. तेव्हा सर्वांची परवानगी घेऊन मी विषय बदलते. सॉफ्टवेअर हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आज मी बोलणार आहे ते माझ्या सैन्याबद्दल.

हसू नका. माझ्याकडे खरोखरच सैन्य आहे. पुण्याच्या घरी काचेच्या कपाटात एकशेवीस शिपाई, दोन तोफा आणि एक राजा असा लवाजमा उभा आहे. एकेक शिपाई अंगठ्याएवढा. सगळे बुटके, दाढीवाले, चिलखत घातलेले. प्रत्येकाचं चिलखत, पट्टा, दाढी आणि डोळे मी स्वतःच्या हातानं रंगवलेत, आणि हे सैन्य घेऊन मी स्पर्धा खेळले आहे. माझी आई हे पहिल्यांदा बघून म्हणाली, "एवढी शिकलीस, आन् आता बाहुल्या रंगवत बसतीस व्हय?" आईला तेव्हा दिलेलं उत्तर अपुरं होतं. आज सविस्तर देते.

हा खेळ कुठला, हे सांगायला आपल्या गावात फार कष्ट पडू नयेत. दिवाळीचा किल्ला आठवा. टेंभुर्णीच्या आसपास डोंगर नाही. सोलापूरचा, परंड्याचा, माढ्याचा असे आपल्या भागातले किल्ले सपाट जमिनीवरचे, भुईकोट. तरी प्रत्येक आळीत आपण बांधायचो तो डोंगरी किल्लाच! चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातली चित्रं बघून बांधलेला. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, वर काळ्या मातीचा लेप, त्यात अळीव आणि मोहरी टाकून चार दिवसांत उगवलेली हिरवळ. मग बाजारातून आणलेली चित्रं. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, बुरुजावर तोफ, खाली गवळण आणि वासुदेव. मावळा दरवाजापेक्षा उंच आणि प्लास्टिकचा वाघ वाड्याएवढा, याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

त्या किल्ल्यात आम्हा मुलींचं काम काय असायचं? चिखल कालवणे, अळीव पेरणे, पाणी मारणे आणि समोर रांगोळी काढणे. मावळे मांडायचे पोरांनी. समोर बसलेल्या काही जणांना हे आठवत असेलच, नावं घेत नाही. तक्रारही करत नाही. पण सैन्य कुठं उभं करायचं हे ठरवायला मिळण्यात काय मजा असते, ते मला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही नॉटिंगहॅमला.

कंपनीनं मला २०११ साली तीन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं. नॉटिंगहॅम आपल्याला माहीत असतं ते रॉबिन हूडमुळं आणि क्रिकेटच्या ट्रेंट ब्रिज मैदानामुळं. पण जगभरचे काही लोक त्या गावाला वेगळ्याच कारणानं ओळखतात. वॉरहॅमर नावाच्या टेबलावरच्या युद्धखेळाचं ते माहेरघर आहे. हा खेळ १९८३ साली निघाला. राक्षस, भुतं, जंगलातले धनुर्धर, डोंगरातल्या किल्ल्यांत राहणारे बुटके अशी त्यातली कल्पित सैन्यं. सहा फूट बाय चार फूट टेबलावर टेकड्या, झाडी, पडके वाडे मांडायचे. दोन्ही बाजूंनी आपापलं सैन्य उभं करायचं. अंतर मोजायचं टेपनं, लढाईचा निकाल लागायचा फाशांवर. ऑफिसातला एक सहकारी मला त्याच्या क्लबात घेऊन गेला. शनिवारची दुपार होती, मोठा हॉल होता, वीस टेबलं आणि चाळीस सैन्यं. मी दारातूनच म्हटलं, हे तर दिवाळीचे किल्ले आहेत, फक्त इथं लढाई खरोखर होते!

हा पोरखेळ फार जुना आहे बरं का. आपल्याकडं चतुरंग होतं. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सेनेची चार अंगं पटावर मांडायची. त्यातूनच पुढं बुद्धिबळ आलं. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बापलेकांनी युद्धाचा खेळ तयार केला. बापानं १८१२ साली तो राजाला दाखवला, लेकानं १८२४ साली त्याचे नियम छापले, आणि तिथल्या लष्करानं तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात मुलींनाही जागा आहे, पण जरा अटी घालून! खऱ्या युद्धापेक्षा हे टेबलावरचं युद्ध बरं, असं वेल्सचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

आता रंगकामाकडं येते, कारण या खेळातला निम्म्याहून जास्त वेळ त्यात जातो. दुकानातून आणलेला शिपाई तयार नसतो. प्लास्टिकच्या चौकटीत त्याचे हात, डोकं, ढाल, कुऱ्हाड सुटे अडकवलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं अंगावर एक बारीक रेघ राहते. ती चाकूनं खरवडून काढायची. आपल्या कुंभारआळीत चित्रं साच्यातून निघाल्यावर काकू ओल्या फडक्यानं हीच रेघ पुसत बसायच्या. काम तेच, फक्त आकार लहान.

मग अस्तराचा रंग. कुंभार आधी सगळ्या चित्राला पांढरा हात देतो, तसाच इथंही काळा किंवा पांढरा फवारा मारतात. पुण्यात पावसाळ्यात हा फवारा मारू नये. दमट हवेत तो अंगावर भुकटीसारखा बसतो. अस्तर वाळलं की मूळ रंग. इथला पहिला धडा असा की रंग पाण्यानं पातळ करायचा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यायचे. जाड रंगाखाली चेहरा बुजून जातो. पण आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पातळ रंग ब्रशवरच वाळतो. त्यावर उपाय म्हणजे डबीत ओला स्पंज ठेवायचा, त्यावर केक भाजताना वापरतात तो कागद अंथरायचा आणि रंग त्या कागदावर घ्यायचा. मे महिन्यातसुद्धा तो तासन् तास ओला राहतो.

मूळ रंगावर काळपट पातळ द्रावण सोडायचं. ते कपड्यांच्या चुण्यांत, दाढीच्या खाचांत उतरतं आणि तिथं आपोआप सावली पडते. मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग वरवर फिरवायचा, म्हणजे फक्त उंचवटे उजळतात. डोळे सर्वांत शेवटी. आधी पांढरी रेघ, मग काळा ठिपका, आणि श्वास रोखून धरायचा. एका शिपायाला मला साधारण तीन तास लागतात. एकशेवीस शिपायांचा हिशेब गणिताच्या सरांनी करावा. माझे तेवढे दिवस इंटरनेटशिवाय गेले, एवढंच सांगते.

शेवटी पायाखालची जमीन. शिपाई ज्या चौकोनी तुकड्यावर उभा असतो तो वीस मिलिमीटरचा. त्यावर माती, खडे, गवत लावतात. तिकडं वाळल्यावर भेगा पडणारी जमीन रंगाच्या डबीत विकत मिळते. आता आपण माढा तालुक्यातली माणसं. भेगाळलेली जमीन पैसे देऊन विकत घ्यायची, हे माझ्या मनाला पटेना! सुट्टीला आले तेव्हा वडिलांनी शेतातली मूठभर काळी माती चाळून पुडीत बांधून दिली. ती गोंद लावून मी शिपायांच्या पायाखाली टाकली. स्पर्धेत एकानं विचारलं, हा कुठला रंग? मी म्हटलं, टेंभुर्णी. त्यानं ते वहीत लिहूनही घेतलं.

आता स्पर्धा कशी असते ते सांगते. आधी सैन्याची यादी पाठवावी लागते. प्रत्येक शिपायाला, तोफेला, सरदाराला ठरलेले गुण असतात, आणि दोन्हीकडची बेरीज सारखी हवी. दोन किंवा अडीच हजार गुण, त्यात काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. घोडदळ घ्याल तर तोफ परवडणार नाही. दोन दिवसांत पाच-सहा डाव होतात. जोड्या स्विस पद्धतीनं लावतात, म्हणजे जिंकलेला जिंकलेल्याशी आणि हरलेला हरलेल्याशी. कुणी बाद होत नाही. पहिला डाव हरलात म्हणून घरी जायचं नाही. पुढच्या डावात तुमच्याच ताकदीचा माणूस समोर येतो. अनेक स्पर्धांत शेवटच्या नंबरालाही बक्षीस असतं, लाकडी चमचा. लोक तो हौसेनं भिंतीवर लावतात. शिवाय उत्तम रंगकामाला वेगळं बक्षीस, आणि ज्याच्याशी खेळताना सर्वांत आनंद झाला अशा खेळाडूला वेगळं.

हे नुसतं नशीब नाही. माझे बुटके तीन इंच चालतात. धावून जायचं तर त्या तीन इंचांत दोन फाशांची बेरीज मिळवायची. शत्रू दहा इंचांवर असेल तर मला सात किंवा जास्त हवेत. छत्तीसपैकी एकवीस वेळा तसं दान पडतं, म्हणजे ५८ टक्के. तोच शत्रू बारा इंचांवर असेल तर नऊ हवेत, आणि शक्यता उतरते २८ टक्क्यांवर. दोन इंचांत एवढा फरक! कॉलेजात संभाव्यतेच्या पेपरात मला बरे गुण होते, पण हा विषय अंगात भिनला तो या टेबलावर. आणि ५८ टक्के असूनही दान पडलं नाही, तर चेहरा न पाडता पुढची खेळी करायची, हेही तिथंच शिकायला मिळतं.

मला या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. प्रत्येक टेबलावर पंच नसतो. हॉलमध्ये एक-दोघं फिरत असतात, वाद झाला तरच त्यांना बोलवायचं. टेप तुम्ही धरता, फासे तुम्ही टाकता, मेलेले शिपाई तुम्हीच उचलता. अर्धा इंच इकडेतिकडे केला तर कुणाला कळणार नाही. तरी बहुतेक लोक करत नाहीत, कारण समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असतो, आणि त्यानंही रात्र-रात्र जागून त्याचं सैन्य रंगवलेलं असतं. डाव संपला की हात मिळवायचा आणि एकमेकांचे शिपाई हातात घेऊन बघायचे. स्क्रीनवरच्या खेळात समोरच्याला शिव्या देणारी मुलं मी बघते. तीच मुलं टेबलापाशी उभी राहिली की वेगळी वागतात.

आता आक्षेपांकडं येते. पहिला पैशाचा. हा आक्षेप खरा आहे. परदेशी शिपायांचं पूर्ण सैन्य उभं करायला तीस-चाळीस हजार रुपये सहज जातात. मी तीन वर्षांत थोडं थोडं घेतलं. दुसरा वयाचा. पंचेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का? आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण पेढे वाटले. तेही हत्ती-घोडेच ना? पटावरचं सैन्य शोभतं, तर टेबलावरचंही शोभावं.

तिसरा प्रश्न माझ्या मनातलाच होता. या सगळ्याचं शेवटी राहतं काय? आता थोडं माझ्या कामाचं सांगते. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी जे प्रोग्रॅम लिहिले, त्यातला एकही आज कुठं चालू नाही. त्यात वाईट काही नाही, आमच्या धंद्याची रीतच ती. पण ज्या जुन्या वॉरहॅमरसाठी मी सैन्य रंगवलं, तो खेळही २०१५ साली बंद झाला आणि त्याच्या जागी वेगळ्या नियमांचा नवा खेळ आला. मी तोवर पुण्याला परतले होते. माझ्या एकशेवीस शिपायांना लढायला नियमच उरले नाहीत. मग झालं काय, तर युरोपातल्या स्पर्धा खेळणाऱ्या मंडळींनी एकत्र येऊन स्वतःच नियम लिहायला घेतले. 'द नाइन्थ एज' असं त्याला नाव दिलं, लोकांच्या सूचना घेत आवृत्तीमागून आवृत्ती काढली आणि ते सर्वांसाठी फुकट ठेवलं. आम्ही पुण्यात पाच-सहा जण एकाच्या घरी जमून त्या नियमांनी खेळत राहिलो. २०२४ च्या जानेवारीत जुना खेळ 'द ओल्ड वर्ल्ड' नावानं परत आला. माझे शिपाई होते तसेच कपाटातून बाहेर आले. हातानं केलेली वस्तू टिकली, आणि नियम माणसांनी जमून लिहिले. दोन्ही गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत.

म्हणूनच मी आज हा विषय घेतला. आपली बॅच शाळेला स्मार्ट बोर्ड देणार आहे. माझी वर्गणी मी दिली आहे आणि बोर्डाला माझा विरोध नाही. माझी विनंती अशी, की जमलेल्या पैशातून दहा हजार रुपये बाजूला काढावेत. त्यात प्लायवूडचं एक सहा बाय चारचं टेबल, घोड्यांसकट, येईल. रंग, ब्रश, चार टेप आणि फासे येतील. आणि कुंभारांकडून न रंगवलेली दोनशे चित्रं घ्यायची. आता बाजारात प्लास्टिकचे रंगवलेले मावळे आणि प्लास्टरचे तयार किल्ले आलेत, दिवाळीला विकत आणून दारात ठेवले की झालं. कुंभाराकडं दिवाळीआधी दोनशे चित्रांची मागणी गेली तर त्याच्याही घरी दिवाळी होईल.

किल्ले मुलांनी करायचे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. एकेका वर्गानं एकेक घ्यावा. राजगड घेणाऱ्यांनी माच्या कशा उतरतात ते नकाशात बघावं, सिंधुदुर्ग घेणाऱ्यांनी भोवती समुद्र करावा.

नियम मी एका पानात लिहून आणलेत. मावळा एका पाळीत सहा इंच चालतो, चढावर तीन. तोफ दोन पाळ्यांत एकदाच उडते. आठ पाळ्यांत महादरवाजा घेतला तर हल्ला करणारा जिंकला, नाहीतर राखणारा. बाकीचं मुलांनी ठरवावं, भांडावं आणि पुढच्या वर्षी बदलावं. दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसणार आहे. पहिली म्हणजे डाव संपला की बाजू बदलून तोच डाव पुन्हा खेळायचा. ज्यानं हल्ला केला त्यानं किल्ला राखायचा. त्यासाठी दोन्ही सैन्यं मुलांनी रंगवायची, आणि शत्रूचे डोळेसुद्धा तेवढाच श्वास रोखून. शत्रूच्या शिपायाला तीन तास दिले की तो निव्वळ पाडायचा ठोकळा राहत नाही. हे मला कुणी सांगून कळलं नसतं. नवख्यांना खेळायला देण्यासाठी मी दुसरं सैन्य रंगवलं, तेव्हा ते हातांनी शिकवलं.

दुसरी अट तुमच्या लक्षात आली असेलच. चिखल सगळ्यांनी कालवायचा आणि सैन्य मांडायलाही सगळे. चिठ्ठ्या टाकून.

चित्रकलेच्या सरांशी मी सकाळीच बोलले आहे. ते म्हणाले, "टेबल आलं की सांग, माझ्या तासाला ठेवू." सर, तुम्ही हो म्हणालात ते आता शंभर माणसांपुढं सांगून टाकलंय. दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस येईन, रंग कसा पातळ करायचा ते दाखवीन आणि पहिला डाव खेळीन. समोर नववीतली एखादी मुलगी असावी एवढीच इच्छा आहे. मी जिंकायचा पूर्ण प्रयत्न करणार आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.

जेवण तयार आहे अशी खूण मागून झालीय.